एका पाठीवर बसेल तेवढंच

कणकवलीला गाडी दोनेक मिनिटं थांबते. लेकीला घेऊन गावी निघताना सामान किती घ्यायचं, हे माझं त्या दोन मिनिटांवर ठरतं. एक हात लेकीचा. तो प्रवासभर मोकळा होणार नाही, हे धरूनच चालायचं. दुसऱ्या हाताने डब्याच्या दाराचा दांडा धरायचा. म्हणजे सामानाला हात उरत नाही, पाठ तेवढी उरते. पाठीवर बसेल ते आपलं, बाकीचं घरी राहू द्यायचं.

मी डोंबिवलीला राहते. सासर आचऱ्याकडचं, मालवण तालुक्यातलं. नवऱ्याला रजा कमी मिळते, म्हणून मी आणि लेक पुढे जातो, तो मागाहून येतो. ठाण्याला मांडवी एक्सप्रेस धरायची, कणकवलीला उतरायचं आणि तिथून आचऱ्याची एसटी. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि लेकीचं तिकीट एसटीत नाही, रेल्वेतही नाही, पाच वर्षांखालच्या मुलांना लागतच नाही. पण तिकीट नाही म्हणजे तिची स्वतंत्र जागाही नाही. माझ्याच सीटवर आम्ही दोघी आणि आमचं सामान. एसटी फाट्यावर सोडते. पुढे पाणंद, आणि घराच्या तोंडाशी जांभ्या दगडाची घाटी, म्हणजे पायऱ्यांची चढण. चाकांची बॅग ठाण्याच्या फलाटावर छान पळते, घाटीवर ती उचलूनच न्यावी लागते. म्हणून आमच्याकडे सॅक. भरलेली सॅक सहा किलोच्या आत राहिली पाहिजे, असा माझा नियम आहे. लेक दहा महिन्यांची, साडेआठ किलोची. ती झोपली की साडेआठाचे दहा वाटतात.

सॅक भरायच्या आधी मी काकींना फोन करते. काकी म्हणजे सासऱ्यांच्या धाकट्या भावाची बायको, गावचं घर त्याच सांभाळतात. मच्छरदाणी धड आहे का, नाचणी दळून ठेवली आहे का, जुनी सुती लुगडी आहेत का, एवढंच विचारायचं असतं. काकींचं उत्तर ठरलेलं: "चेडवाक घेवन ये गो. बाकीचा सगळा घरात आसा." म्हणजे मुलीला तेवढी घेऊन ये.

आणि ते खरं असतं. ज्या घरात चार पोरं वाढली त्या घरात बाळाची आंघोळ, बाळाचं अंथरूण, बाळाचं जेवण या गोष्टींची सोय कधी मोडीत निघत नाही. न्हाणीत हंडा चुलीवर असतो. पडवीत ऊन येतं आणि सावलीही असते. आपण शहरातून नेतो त्यातलं कितीतरी सामान हे त्या घरावर विश्वास नसल्यामुळे नेतो, असं मला वाटतं. प्लास्टिकचा टब, बाळाची खास बादली, खास उशी. काकींच्या न्हाणीत पायांवर पालथं घालून लेकीला आंघोळ घातली जाते, टबाची तिथे काहीच गरज नाही.

आता आचऱ्याच्या गावपळणीबद्दल सांगायलाच हवं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: काही वर्षांनी एकदा, रामेश्वराचा कौल मिळाला की अख्खं आचरा गाव घरं बंद करून वेशीबाहेर जातं. तीन दिवस, तीन रात्री गावात कुणी राहायचं नाही. म्हातारी माणसं, बाळंतिणी, तान्ही मुलं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी बाहेर. वेशीपलीकडे माडाच्या झापांच्या झोपड्या उभ्या राहतात, दगड मांडून चुली पेटतात. तीन दिवसांनी पुन्हा कौल लावायचा आणि देवाने होकार दिला की परतायचं.

काकी एका गावपळणीला सहा महिन्यांचं मूल घेऊन गेल्या होत्या. काय काय नेलं होतं, असं मी त्यांना एकदा खोदून खोदून विचारलं, कारण मला खरोखरच यादी हवी होती. त्यांनी आठवून सांगितलं: दोन लुगडी, लंगोटांचं गाठोडं, एक टोप, एक वाटी, तांदूळ, खोबरेल तेलाची बाटली आणि विळी. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पोराक काय व्हया गो? आवस व्हयी, दूद व्हया, नि सुकी जागा व्हयी."

हे वाक्य मी तेव्हापासून सॅक भरताना वापरते. हातात घेतलेली वस्तू दूध, सुकी जागा किंवा मी स्वतः, यांपैकी कशासाठी आहे? कशासाठीच नसेल तर ती कपाटात परत जाते. यात मला आणखी एकच खण घालावा लागला, तो औषधांचा. त्याबद्दल पुढे लिहिते.

सगळ्यात आधी सॅकमध्ये जातं ते लुगडं. माझ्या आजेसासूबाईंचं नऊवारी, धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं की मुठीत मावतं. नऊ वार म्हणजे आठ मीटरच्या वर कापड, एवढं लागत नाही. मी ते मधोमध फाडून दोन केली. एक भाग गावीच ठेवलाय, एक माझ्यासोबत येतो. या एका कापडाने किती वस्तूंची जागा वाचते ते बघा. सीटवर अंथरलं की चादर. खांद्यावरून घेतलं की अंगावर पाजताना आडोसा. रत्नागिरीच्या पुढे दुपारचं ऊन खिडकीतून आत येतं तेव्हा गजाला बांधलं की पडदा. एसीच्या डब्यात पांघरूण. घाटी चढताना लेकीला छातीशी बांधलं की दोन्ही हात मोकळे. बांधताना दोन गोष्टी मी डोळ्यात तेल घालून बघते: तिचं तोंड मला सतत दिसलं पाहिजे आणि तिची हनुवटी छातीला टेकता कामा नये, कारण मान अशी दुमडली की लहान बाळाचा श्वास अडतो. बांधणं आधी घरी, पलंगाजवळ उभं राहून सवयीचं करून घ्यावं. फलाटावर शिकायची ती गोष्ट नाही.

गावी पोचल्यावर त्याच लुगड्याची झोळी होते. माजघरात वाशाला दोर बांधलेलेच आहेत. पण आता लेक धरून उठून बसायला लागलीय, त्यामुळे झोळी फक्त दुपारच्या डुलकीला आणि मी शेजारी असेन तेव्हाच. रात्री खाली सपाट अंथरूण आणि वर मच्छरदाणी.

कपड्यांचं गणित समुद्रकाठाला वेगळं असतं. हवेत ओल असते, जाड कापड वाळता वाळत नाही. जाड टॉवेल, रजईसारखं दुपटं, आतून अस्तर लावलेले फ्रॉक, यातलं काहीही नेऊ नये. पंचा न्यावा. तो तासाभरात वाळतो, अंग पुसायलाही पुरतो आणि मांडीवर अंथरायलाही. मलमलची बिनबाह्यांची झबली, एक लांब बाह्यांचं संध्याकाळच्या डासांसाठी, एक टोपरं. रोज धुवायचं, दुपारपर्यंत वाळतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री दंव पडतं, म्हणून दिवेलागणीच्या आत दोरीवरचं सगळं घरात आणायचं, नाहीतर सकाळी सगळं पुन्हा ओलं. मे महिन्यात तर लेक दिवसभर लंगोटावरच असते. घामोळं आलं तर गार पाण्याने पुसून उघडं ठेवते. पावडर लावतच नाही, ती बाळाच्या नाकात जाते.

डायपरबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचंय. गाडीत मी डायपर वापरते, गावी लंगोट. गाडीसाठीचा हिशोब सोपा: जेवढे तास, त्याला तीनने भागायचं आणि दोन जास्तीचे घ्यायचे. गावी डायपर न वापरण्याचं कारण वजन वाचतं एवढंच नाही. आमच्या वाडीत घंटागाडी येत नाही. वापरलेला डायपर तिथे जाणार कुठे? जाळला तर प्लास्टिकचा धूर सगळ्या वाडीत. पुरला तर रात्री कुत्री उकरून काढतात, आणि आतला तो पाणी शोषणारा पदार्थ पावसात फुगून बाहेर येतो. वहाळात टाकला तर खाडीत, खाडीतून समुद्रात. आचऱ्याच्या किनाऱ्यावर भरतीने आणून टाकलेला डायपर मी पाहिलाय. ज्या वाळूत माझी लेक रांगते त्याच वाळूत. घनकचरा नियमांत डायपर नीट गुंडाळून वेगळे द्यावेत असं लिहिलंय, पण द्यायला कुणी येतच नसेल तर आपणच ते जिथे गाडी येते तिथवर परत नेले पाहिजेत. मी प्रवासातले वापरलेले डायपर कागदात गुंडाळून घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवते आणि मोठ्या स्टेशनवरच्या कचरापेटीत टाकते. गाडीच्या संडासात कधीही नाही. आता डब्यांना बायो-टॉयलेट आहेत, एक डायपर गेला की ते तुंबतं आणि पुढचा सगळा प्रवास त्या डब्यातल्या माणसांना त्रास.

लंगोट मला न्यावे लागत नाहीत. काकींनी जुन्या सुती साडीचे त्रिकोणी लंगोट शिवून गाठोडं करून कपाटात ठेवलंय. आपल्या घरी असं गाठोडं नसेल तर नेण्यासारखी सगळ्यात हलकी गोष्ट हीच. वीस लंगोटांचा गठ्ठा डायपरच्या छोट्या पाकिटापेक्षा कमी जागा खातो.

सामान कमी ठेवण्याचं आणखी एक कारण कोकणातलंच आहे. विंचू. कौलारू घर, जांभ्याच्या भिंतीतल्या फटी, लाकडांचा ढीग, या सगळ्यात त्याचं घर असतं, आणि जमिनीवर उघडी पडलेली बॅग त्याला आयती सापडते. लाल विंचवाचं विष लहान मुलाच्या हृदयावर जातं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरून दाखवलं, त्यानंतर कोकणात कितीतरी मुलं वाचली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे औषध वेळेत मिळणं महत्त्वाचं असतं, म्हणून गावी पोचल्यावर जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे आणि रात्री गाडी कुणाची मिळेल, हे मी पहिल्याच दिवशी विचारून ठेवते. बाकी सावधगिरी साधी आहे. सॅक जमिनीवर ठेवायची नाही, खुंटीला टांगायची, चेन लावून. झबलं, टोपरं, अंथरूण, प्रत्येक वस्तू वापरायच्या आधी झटकायची. चार झबली असली की हे रोज नेमाने होतं. चाळीस कपड्यांचा ढीग असला की कुणी झटकत बसत नाही.

खाणं. लेक अजून अंगावर पिते, त्यामुळे निम्म्याहून जास्त प्रश्न तिथेच सुटतो. ज्यांचं बाळ वरच्या दुधावर आहे त्यांची सॅक माझ्यापेक्षा जड होणार, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काहीच नाही. त्यांना एवढंच सांगेन की बाटल्या, ब्रश, निर्जंतुक करायचं यंत्र या सगळ्याऐवजी स्टीलची वाटी आणि चमचा बघा. बालरोगतज्ज्ञही बाटलीपेक्षा वाटी-चमचाच बरा म्हणतात, कारण तो घासायला सोपा आणि कुठल्याही चुलीवरच्या पातेल्यात उकळता येतो. बोंडलं मात्र मी टाळते, त्याची चोच आतून घासायला मला अवघड जाते.

गाडीसाठी मी खिमटाची भरड नेते. तांदूळ आणि मूगडाळ धुऊन, वाळवून, भाजून जाडसर दळलेली. घरीच थोडी शिजवून रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये उकळत्या पाण्यासोबत घातली की पनवेल सोडेपर्यंत मऊ होते. सोबत वेलची केळी. केळ्याला धुवायला नको, भांडं नको. ती सकाळीच, शेवटी, सॅकच्या वरच्या खणात. माझ्यासाठी काही नेत नाही, मांडवीत खायला सतत काहीतरी येत असतं. गावी उकड्या तांदळाची पेज आहे, नाचणीचं सत्त्व आहे, लाल भोपळा आहे. वर्षाच्या आत मीठ, साखर नको आणि मध तर अजिबात नको, हे काकींना मी एकदा शांतपणे समजावलं. त्यांनी डॉक्टरांचं नाव विचारलं आणि मान्य केलं. आता त्याच शेजारणींना सांगतात. पाणी उकळून गार केलेलं. शहरातून बाटल्या वाहून न्यायची गरज नाही.

औषधांच्या खणात थोड्याच गोष्टी, पण त्यांच्यावर मी वजनासाठी तडजोड करत नाही. थर्मामीटर. तापाचं औषध तिचं स्वतःचं, कारण पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप यांची तीव्रता वेगवेगळी असते आणि गावच्या दुकानात दुसऱ्याच तीव्रतेची बाटली मिळाली तर मात्रा चुकू शकते. किती मिलिलिटर, ते डॉक्टरांनी तिच्या वजनाप्रमाणे लिहून दिलंय, तो कागद बाटलीलाच रबराने बांधलेला. ओआरएसची पाकिटं. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात एक पाकीट, आणि केलेलं पाणी चोवीस तासांनंतर फेकून द्यायचं. लसीकरणाच्या कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये आणि एक झेरॉक्सही, कारण वाडीत रेंज येते-जाते.

ज्यांना स्वतःच्या गाडीने जायचंय त्यांच्यासाठी एक गोष्ट. सामान कमी करताना बाळाची कार सीट कमी करू नका. ती सामानात धरायचीच नाही. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीत मुलांना पट्टा किंवा योग्य सीट बंधनकारक केली आहे, पण दंडाचं सोडा, मुंबई-गोवा महामार्गावरची वळणं आणि वळसे ज्यांनी पाहिलेत त्यांना बाळाला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसवत नाही. डिकीत जागा हवी तर बाकीचं काढा.

खेळणी मी नेत नाही. गाडीत स्टीलची वाटी आणि चमचा हेच खेळणं. करबुडे बोगद्यात साडेसहा किलोमीटर अंधार आणि धडधड असते, तेव्हा तिला माझा आवाज लागतो, खेळणं लागत नाही. गावी काकांनी दोन करवंट्या कडा घासून गुळगुळीत करून ठेवल्यात. एकात एक घालायच्या, आपटायच्या, वाळू भरायची, ओतायची. सकाळी ऊन कोवळं असताना आम्ही समुद्रावर जातो, नऊच्या आत परत.

येताना सॅकचं काय होतं ते कोकणात सासर असलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. कुळथाचं पीठ, आमसुलं, उकडे तांदूळ, नारळ, मे असेल तर आंबापोळी आणि फणसाचे गरे. नाही म्हणून चालत नाही, आणि मला नाही म्हणायचंही नसतं, कारण त्यात काकींची महिनाभराची मेहनत असते. त्यासाठी जातानाच सॅकचा तिसरा हिस्सा रिकामा ठेवते आणि येताना तिथे पीठ आणि आमसुलं बसतात. नारळ, तांदूळ, जे जड असेल ते, नवरा मागाहून येतो त्याच्या वाट्याला. लेक माझ्याकडे असेल तेव्हा सहा किलोचा नियम परतीलाही तोच.

आता गणपतीची तयारी. तेव्हा हा हिशोब बराच बदलेल. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या हळू चालतात, म्हणून गाडीसाठीचे डायपर तासांना तीनने भागून दोन नाही, चार जास्तीचे. भाद्रपदात लंगोट वाळत नाहीत. काकी निखाऱ्यांच्या शेगडीवर टोपली पालथी घालून वाळवतात, पण त्या धुरात लेकीला ठेवायचं नाही आणि वाळलेले लंगोट थोडा वेळ मोकळ्या हवेत टाकून मगच वापरायचे, हे आमचं आधीच बोलून ठरलंय. तरीही थोडे डायपर गावासाठी न्यावे लागतीलच आणि वापरलेले परत आणावे लागतील, त्यासाठी एक जास्तीची घट्ट पिशवी. लेक तोवर चालायला लागली असेल, म्हणजे ओल्या घाटीवर पकड घेतील अशा तळव्याच्या चपला. चतुर्थीच्या गर्दीत तिला घेऊन चढायचं नाही, चार दिवस आधी दिवसाच्या गाडीने जायचं. त्या गाडीचं आरक्षण उघडेल त्या दिवशी सकाळी आठ वाजता नवरा आणि मी दोघंही फोन घेऊन बसणार आहोत.